दुसऱ्या घंटेचे पोटहिस्से

नाटक रविवारी दुपारी बरोबर चार वाजता सुरू होईल, असं हँडबिलावर छापलेलं होतं. हे वाक्य खरं मानणारी माणसं राहुरीच्या अलीकडच्या त्या साखर कारखान्याच्या वसाहतीत दोनच होती. एक सहादेव. तो कारखान्याचा टाइमकीपर होता, आणि छापील वेळेवर अविश्वास दाखवणं त्याच्या नोकरीत बसत नव्हतं. दुसरी त्याची बायको मनकर्णा. तिच्या पदरात चौदा महिन्यांची ठमी होती, त्यामुळे विश्वास ठेवण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं.

सहादेवनं जुन्या हजेरीपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर ठमीचं रविवारचं वेळापत्रक तयार केलं होतं. ३.१५ पाजणे. ३.३० झोप. ५.३० जाग. ५.३५ खिमट. ६.०० आजीच्या कडेवरून उसाच्या गाड्यांचे बैल पाहणे. ७.०० आई. शेवटच्या शब्दाखाली त्यानं दोन रेघा ओढल्या होत्या, आणि त्या रास्त होत्या. सातनंतर ठमीला बैल चालत नसत, आजी चालत नसे, खडीसाखर चालत नसे. तिला आईच्या पदराचं टोक मुठीत लागे. आजीनं एकदा सुनेचं लुगडं नेसून पाहिलं होतं. ठमीनं टोक नाकाशी नेलं, आजीकडे एकवार पाहिलं, आणि असा गळा काढला की शेजारची कडूबाई पोळी तव्यावर टाकून पळत आली.

म्हणजे मनकर्णाच्या हातात चार ते सात, असे तीन तास होते. नाटकही तीन तासांचंच होतं.

हेच नाटक वर्षापूर्वी याच कंपनीनं इथंच, साखरेच्या गोदामात, केलं होतं. तेव्हा मनकर्णा दोन महिन्यांच्या ठमीला दुपट्यात गुंडाळून घेऊन गेली होती. पहिल्या अंकाच्या शेवटी नायिका दिवा मालवायला जाते आणि बंद दारावर तीन थापा पडतात. थप. थप. थप. नायिका विचारते, "कोण आहे?" रंगमंचावरून उत्तर यायच्या आत ठमीनं उत्तर दिलं होतं. सगळं गोदाम मागं वळलं. छातीला फीत लावलेल्या स्वयंसेवकानं बाहेरची वाट दाखवली, आणि उरलेले दोन अंक मनकर्णानं वजनकाट्यापाशी, शेंगदाणेवाल्याच्या शेजारी, मांडी हलवत काढले. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. टाळ्यांवरून काही दारात कोण होतं ते कळत नाही.

"अहो, दारात कोण हुतं?" तिनं घरी येताच नवऱ्याला विचारलं होतं.

"होता एक माणूस."

"आवो, पण कोण?"

"कोटवाला," सहादेव विचार करून म्हणाला. "पण त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. तीन अंक झाले, काटा जागचा हलला नाही. असं चालतं का?"

कडूबाईला विचारलं, तर ती म्हणाली नायिकेचा भाऊ होता, मग म्हणाली, वकील होता, मग म्हणाली, "खरं सांगू का वहिनी, मला डुलकी लागल्ती." गेलं वर्षभर भाकरी थापताना, दुपटी पिळताना, ठमीला थोपटताना मनकर्णा त्या दारात वेगवेगळी माणसं उभी करून पाहत होती. एकही बसत नव्हतं.

आता कंपनी पुन्हा येणार होती, आणि यंदा हँडबिलाखाली ठळक अक्षरांत सूचना होती: लहान मुलांस आणू नये. मनकर्णानं ती सूचना वाचली आणि ती आपल्यामुळेच निघाली हे ओळखलं. तिला थोडी लाज वाटली, आणि खोटं कशाला, थोडा अभिमानही वाटला.

इकडे कारखान्याच्या सांस्कृतिक समितीसमोर निराळाच प्रश्न होता.

नाटकाला तीन घंटा असतात. पहिली लोकांनी यावं म्हणून, दुसरी बसावं म्हणून, तिसरी गप्प व्हावं म्हणून. आजवर या घंटा कंपनीचा कुणीतरी माणूस विंगेत उभा राहून, तोंडही न दाखवता देत असे. समितीचे चिटणीस आप्पासाहेब यांच्या लक्षात आलं, की एवढं मानाचं काम एका निनावी माणसाकडून करवून घेणं हा कारखान्याचा अपमान आहे. समितीनं ठराव केला, की तिन्ही घंटा मान्यवरांच्या शुभहस्ते, रंगमंचावर, पडद्यापुढे व्हाव्यात. पहिली पंचायत समितीचे सभापती देतील. दुसरी व्हाइस चेअरमन. तिसरी, जिच्यावर पडदा उघडतो ती, खुद्द चेअरमन काकासाहेब.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण कारखान्याला चेअरमन धरून संचालक चौदा होते.

"सभापतीला घंटा, आन् आमी काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या?" असा रोकडा सवाल पहिल्या संचालकांनी टाकला. तो बिनतोड होता. घंटा चौथी करता येईना, कारण नाटकाला तीनच घंटा असतात ही परंपरा. आणि परंपरा मोडायला समितीचा सक्त विरोध होता. दोन बैठका यातच गेल्या. तिसऱ्या बैठकीत तोडगा काढला तो शेतकी खात्याच्या कारकुनानं. ज्या जिल्ह्यात एकेका विहिरीचे सात हिस्से पाडून भाऊ गुण्यागोविंदानं कोर्टात जातात, तिथं घंटेचं काय एवढं? पहिली घंटा आणि तिसरी घंटा अखंड राहिली. दुसरीचे पोटहिस्से पाडण्यात आले. दुसरी घंटा (अ), दुसरी घंटा (ब), असं करत दुसरी घंटा (त) पर्यंत, एकूण सोळा. पाणीपुरवठा सोसायटीचे अध्यक्ष, पोलीस पाटील आणि हेडमास्तर यांचीही सोय त्यातच लागली. घंटा शाळेची असल्यामुळे हेडमास्तरांना वगळता येईना.

रविवारी पावणेचारला मनकर्णा घरातून निघाली. ठमी झोळीत झोपली होती, एक मूठ उघडी, एक मिटलेली. मनकर्णानं मिटलेल्या मुठीतून आपला पदर एकेक बोट करून सोडवला, आणि तिथं जुन्या पातळाचा तुकडा सारला.

"जा गं, जा," रंगुबाई, तिची सासू, हळूच म्हणाली. "मी हाय न्हवं? मला फकस्त येऊन सांग, दारात कोन हुतं त्ये. वरीस झालं, माझंबी डोकं खाल्लंय तू."

"सांगते, आत्याबाई. आल्या आल्या सांगते."

नाटक साखरेच्या दोन नंबरच्या गोदामात होतं. हंगाम चालू होता, पण ते गोदाम अजून भरायचं होतं. पुरुष डाव्या अंगाला, बायका उजव्या, मध्ये सुतळी. मळीचा वास सगळीकडे सारखा वाटलेला. जमिनीला मुरलेल्या साखरेमुळे मुंग्याही सगळीकडे सारख्याच. मनकर्णा तिसऱ्या रांगेत बसली. सुतळीपलीकडे सहादेव मनगटी घड्याळाकडे पाहत बसला होता. चार वाजून शून्य मिनिटांनी सभापतींनी पहिली घंटा दिली. सहादेवनं बायकोकडे पाहून समाधानानं मान हलवली.

समितीच्या ठरावात भाषणांचा उल्लेख नव्हता. पण माणूस रंगमंचावर आला, त्याच्या हातात नारळ पडला, समोर माईक आहे आणि चारशे डोकी आहेत, तर तो दोन शब्द बोलणारच. आधीच्यानं चार मिनिटं घेतली तर नंतरच्यानं तीन घेणं हे त्याच्या गटातल्या मतदारांना पटलं नसतं. शिवाय फोटो होते. घंटेवर टोला पडताना फोटो निघायचा, आणि फोटोग्राफरचा बल्ब काही टोल्याला उडायचा नाही. मग टोला पुन्हा मारावा लागे. याला समितीच्या इतिवृत्तात पुढे "फेरघंटा" असा शब्द आहे.

दर घंटेला बाहेर चहा पीत उभी असलेली माणसं कप तसेच टाकून पळत आत येत. आत भाषण चाललेलं दिसलं, की परत बाहेर जात. दुसरी घंटा (च) पर्यंत गोदामाच्या दाराशी कपबशांचा खच पडला होता.

पाच वाजता नाटक कंपनीचे मॅनेजर विंगेतून बाहेर आले. बारीक अंगाचा, सदा घाईतला माणूस. पहिल्या रांगेत बसलेल्या आप्पासाहेबांच्या कानाशी ते वाकले. त्यांच्या मागच्या दोन्ही रांगांना सगळं ऐकू आलं.

"साहेब, रात्री साडेनऊला आमचा नगरला प्रयोग आहे. सव्वासातला सामान ट्रकमध्ये पाहिजे."

"मग हायेच की वेळ."

"नाटक तीन तासांचं आहे."

"पयला अंक किती वेळाचा?"

"पन्नास मिनिटं."

"त्यात काय असतंय?"

"त्यात... ओळख असते. कोण कोणाचं कोण, ती."

"ती लोकांना गेल्या साली झालीय," आप्पासाहेब म्हणाले. "काढा तो."

पहिला अंक निघाला. मनकर्णाला वाईट वाटलं नाही. पहिला अंक तिनं पाहिलाच होता. खरं तर तिचा पाऊण तास वाचला होता. तिनं मनातल्या मनात ठमीला झोप ओलांडून खिमटावर आणलं.

साडेपाचला, दुसरी घंटा (ट) चालू असताना, दुसऱ्या अंकातली दोन गाणी आणि सासऱ्याचं आजारपण निघालं. पावणेसहाला आख्खा दुसरा अंक निघाला. विंगेतून डोकावणाऱ्या म्हाताऱ्याच्या दाढीचा डिंक सुटला होता आणि तो ती हातानं धरून उभा होता. सहा वाजता मॅनेजर पुन्हा आले. त्यांचा आवाज आता विनंतीचाही राहिला नव्हता.

"साहेब, आता तिसरा अंकच राहिला."

"त्यो ठिवा. शेवट पायजेच. शेवटाशिवाय नाटक म्हंजे बरं दिसत न्हाई."

मनकर्णा सरसावून बसली. ते दार शेवटी तिसऱ्या अंकातच उघडतं आणि तो माणूस आत येतो, एवढं तिला कडूबाईकडून खात्रीनं कळलं होतं. कारण त्या वेळी झालेल्या टाळ्यांनीच कडूबाईला जाग आली होती. वर्षभर जे हवं होतं, तेवढंच नेमकं राहिलं होतं. समितीनं बाकीचं सगळं सोलून, दाणा काढून तिच्या हातावर ठेवला होता. तिनं आप्पासाहेबांना मनोमन दुवा दिला. असं आपलं सगळ्यांचंच असतं. कापाकापी दुसऱ्याच्या अंकाची असली, की व्यवस्था आपल्याला बरी वाटते.

सहा पस्तीसला दुसरी घंटा (त) झाली आणि हेडमास्तरांचे दोन शब्दही झाले. आता फक्त तिसरी. आणि चेअरमन काकासाहेब आलेले नव्हते.

त्यांचा निरोप आला होता: "मी येतोच. माझ्यासाठी थांबू नका." हे वाक्य कारखान्याच्या परिसरात सगळ्यांना नीट समजत असे. सगळे थांबले.

सहा चाळीस. सहा बेचाळीस. सहादेवनं सुतळीपलीकडून बायकोला बोटांनी खूण केली: अठरा मिनिटं. मनकर्णाला बैल दिसले. बैलांकडे पाठ करून आजीच्या खांद्यावर हनुवटी टेकलेली ठमी दिसली, ओठ काढायच्या बेतात. आणि तिच्याही नकळत ती उभी राहिली.

"आप्पासाहेब, घंटा वाजवा! लेकरू घरी हाय माझं!"

गोदाम तिच्याकडे वळलं. गेल्या वर्षीही ते असंच वळलं होतं, पण त्या वेळी लेकरू बोललं होतं.

समितीची तातडीची बैठक पहिल्या रांगेत, बसल्या जागी झाली. चेअरमनसाहेबांची घंटा दुसऱ्यानं द्यायची तर कोणी? (अ) नं दिली तर (ब) उठून जाणार. (ब) नं दिली तर (क) पुढच्या निवडणुकीत उभा राहणार. सोळाही माणसं तोलामोलाची. त्यामुळे एकही चालण्यासारखा नव्हता. तेव्हा पोलीस पाटील म्हणाले, "कुनीच नसलेला मानूस बघा की. म्हंजे कुनाचाच अपमान न्हाई."

सगळ्यांच्या माना एकदम तिसऱ्या रांगेकडे वळल्या.

"टाइमकीपरची मंडळी," आप्पासाहेब आनंदानं म्हणाले. "उत्तम. महिलांनाबी प्रतिनिधित्व मिळालं. या, वहिनी, वर या!"

अशा रीतीनं सहा सत्तेचाळीसला मनकर्णा रंगमंचावर, पडद्यापुढे उभी होती. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात लाकडी हातोडी, समोर दोरीला लटकवलेली शाळेची पितळी घंटा. एक टोला मारायचा होता. टोल्यावर पडदा, पडद्यामागं दार, दारामागं तो. जिन्यापाशी मॅनेजर हात जोडून उभे होते. तिनं हातोडी उचलली.

"थांबा!" फोटोग्राफर म्हणाला. "बल्ब बदलतो."

"तंवर दोन शब्द बोला," आप्पासाहेबांनी माईक पुढं सरकवला.

"मला न्हाई बोलायचं," मनकर्णा म्हणाली.

आणि तिचा आवाज गोदामाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, मोठा होऊन, तिच्याकडे परत आला. न्हाई बोलायचं. चारशे माणसं ऐकत होती. वाक्य पुरं झालं होतं आणि मध्ये कुणी रडलं नव्हतं.

"म्हंजे काय हाय," ती माईकजवळ सरकत म्हणाली, "चौदा महिन्यांत हे माझं पयलं पुरं वाक्य."

बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं.

"खरंच सांगते. मी म्हनते, 'अहो, डाळ', तवर ठमी चुलीकडं निघालेली. डाळीचं काय ते ह्यांना अजून ठाव न्हाई. मी म्हनते, 'आत्याबाई, मला', तवर तिनं तोंडात खडा घातलेला. मला काय पायजे ते आत्याबाई अजून इचारत्यात." हशा वाढला. "गरम चहा मी शेवटचा पेले तो डोहाळजेवनाला. मालक माझे टाइमकीपर. साऱ्या कारखान्याची हजेरी घेत्यात. कारखान्यात शिफ्टा तीन. माझी एकच, ती सुटतच न्हाई. हिला भोंगा कोन वाजवनार?"

टाळ्या पडल्या. पहिल्यांदा बायकांच्या बाजूनं, मग सुतळी ओलांडून. कुणीतरी "वा, वहिनी!" म्हणालं. फोटोग्राफरनं "झालं, मारा टोला," म्हणून सांगितलं, पण ते तिला ऐकू आलं नाही. ती आता झोळीच्या दोरीवर आली होती, आणि झोळीची दोरी सोडून पाय न वाजवता स्वयंपाकघरापर्यंत कसं जायचं ते चालून दाखवत होती. पुरुष डोळे पुसत हसत होते. पोलीस पाटलांनी पटका काढून मांडीवर ठेवला.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला.

थप. थप. थप.

नटमंडळींच्यानं आता राहवेना. कोणीतरी त्या दारावर हातानं थापा मारत होतं. वर्षभर ज्या थापा मनकर्णाच्या कानात होत्या, त्याच, तेवढ्याच अंतरानं.

मनकर्णा अर्धवट वळली. पडद्याकडे पाहून म्हणाली, "जरा थांबा हो! दोनच शब्द राहिलेत."

अख्खं गोदाम हसून कोसळलं. एवढी दाद त्या दिवशी सोळांपैकी एकाही पोटहिश्शाला मिळाली नव्हती. आप्पासाहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. फक्त सहादेव वाजवत नव्हता. तो घड्याळ दाखवत होता, आधी बोटानं, मग हात डोक्यावर धरून. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यावरही एक वाक्य बोलली. त्यालाही टाळ्या पडल्या.

सात वाजून अठरा मिनिटांनी तिचे दोन शब्द संपले. तिनं हातोडी उचलून तिसरी घंटा दिली. ती इतकी खणखणीत होती, की फेरघंटेची गरज पडली नाही. पडदा उघडला.

रंगमंच मोकळा होता. भिंती गेल्या होत्या, बंद पडलेलं घड्याळ गेलं होतं, दाढी गेली होती. दोन हमाल ते दार चौकटीसकट आडवं धरून मागच्या बाजूनं ट्रककडे निघाले होते. दारापाठीमागं कुणीही नव्हतं. बाहेर ट्रकनं हॉर्न दिला.

लोकांनी क्षणभर वाट पाहिली. मग, आलोच आहोत तर, म्हणून टाळ्या वाजवल्या.

चाळीत परत येईपर्यंत बायकांचा घोळका मनकर्णाबरोबर होता. सहादेव दहा पावलं पुढं, जवळजवळ पळत. घराचं दार आतून लावलेलं होतं. बैल पाहून झाले होते, खिमट सांडून झालं होतं, सात वाजून गेले होते, आणि लेकरू रांगत बाहेर जाऊ नये म्हणून रंगुबाईनं कडी घातली होती. ठमी महिनाभरापूर्वीच उभी राहायला शिकली होती. ती आतून दाराला धरून उभी होती, आणि दोन्ही हातांच्या तळव्यांनी दारावर मारत होती.

थप. थप. थप.

"आये, दार उघड," सहादेव म्हणाला.

"उघडते रं, कडी आडकलीया. काय गं मनकर्णे, आलीस का? सांग की, दारात कोन हुतं?"

पण ओट्यावर कडूबाई म्हणत होती, "वहिनी, मी मागं बसल्ते, मला नीट ऐकू आलं न्हाई. त्ये डाळीचं काय म्हनालात? पयल्यापासनं सांगा." आणि शेजारच्या दोघी-तिघी जवळ सरकल्या होत्या, कपाळावर पदर नीट घेत. त्यांना ते पुन्हा ऐकायचं होतं. मनकर्णानं नारळ ओट्यावर ठेवला. तिचा चेहरा उजळला होता. चौदा महिन्यांत तिला इतकी हुशारी वाटली नव्हती.

थप. थप.

"थांब गं ठमे," ती दाराकडे न बघता, फार मायेनं म्हणाली. "आईचे दोनच शब्द राहिलेत."

त्या रविवारचं इतिवृत्त समितीच्या वहीत आहे. कार्यक्रम अत्यंत यशस्वी झाला, असं त्यात लिहिलं आहे. पुढच्या वर्षीसाठी तिसऱ्या घंटेचेही पोटहिस्से पाडावेत आणि त्यातला (अ) टाइमकीपरच्या सौभाग्यवतींना द्यावा, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आहे. नाटकातल्या त्या दारात कोण होतं, याची नोंद कुठंच नाही.

तुम्हीही इतका वेळ तेच कळावं म्हणून बसला होतात. पण मधल्या भाषणात तुम्ही हसलात, आणि त्या वेळी दार तुमच्याही लक्षात नव्हतं.